मॅनेजर क्लब सोडून जातो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

एरवी या सदराकडे येणारी पत्रे कबड्डीचे नियम, पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी आणि क्रिकेट यांभोवतीच फिरत असतात. गेल्या काही अंकांपासून मात्र विदर्भातल्या लहान गावांतून फुटबॉलविषयीची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतली बरीचशी एकाच जागी येऊन थांबतात : आपल्या क्लबचा मॅनेजर निघून गेला, तर चाहत्याने त्याचे काय वाटून घ्यावे? म्हणून हे पान या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत. जे वाचक फुटबॉल पाहत नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, तर फुटबॉलमध्ये अकरा खेळाडू कोणते, डावपेच कोणते, राखीव खेळाडू केव्हा उतरवायचा हे सारे मॅनेजर ठरवतो. इंग्लंडमध्ये तर क्लबचा चेहरा बहुधा तोच असतो.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात शेती करतो. रब्बीत कृषिपंपाला रात्रीची वीज असली, की हरभऱ्याचे ओलित करता करता मोबाईलवर लिव्हरपूलचे सामने पाहण्याची सवय मला लागली. मे २०१९ मध्ये आमच्या संघाने बार्सिलोनाला ४-० ने हरवले, ती रात्र मी अंगणात बाजेवर बसून जागून काढली होती. आमचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांनी क्लब सोडला, तेव्हा कित्येक दिवस माझे कशात लक्ष लागले नाही; पुढे त्यांनी रेड बुलचे काम धरले, तेव्हा राग आला. माझे मोठेबाबा म्हणतात, ज्या माणसाला तुझे नावही ठाऊक नाही, त्याच्यावर रागावण्याचा तुला काय अधिकार? त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : दुःख आणि राग यांची गाठ आधी सोडवावी लागेल. दुःखाला अधिकार लागत नाही. ज्या माणसाच्या निर्णयांपायी तुम्ही वर्षानुवर्षे रात्री जागवल्या, तो उद्यापासून मैदानाच्या कडेला उभा दिसणार नाही, एवढे कारण त्याला पुरते. रागाला मात्र कारण दाखवावे लागते, आणि क्लॉप यांच्या बाबतीत ते दाखवणे अवघड आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते आले, २०१९ मध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकून दिली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडचे लीग विजेतेपद लिव्हरपूलला परत मिळवून दिले. करार २०२६ पर्यंतचा असताना २६ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी जाहीर केले, की हंगाम संपला की आपण थांबणार, कारण अंगातली शक्ती ओसरत चालली आहे. त्या वेळी त्यांनी दुसऱ्या क्लबशी संधान बांधलेले नव्हते, हंगाम अर्ध्यावर टाकलेला नव्हता, आणि नवा माणूस शोधायला क्लबला चार महिने मिळाले. आर्ने स्लॉट आले आणि त्यांनी पहिल्याच हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, लीग जिंकली. लिव्हरपूलकरांनी हे पूर्वीही अनुभवलेले आहे. जुलै १९७४ मध्ये, एफए चषक जिंकून दोनच महिने झालेले असताना, बिल शँकली यांनी साठाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा शहरातल्या लोकांचा त्या बातमीवर विश्वासच बसेना. आणि त्यांच्यामागून आलेल्या बॉब पेझ्ली यांनी, जे त्यांच्याच हाताखाली वर्षानुवर्षे काम करत होते, सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक (चॅम्पियन्स लीगचे जुने नाव) मिळवले.

रेड बुलविषयीचा राग खरा आहे, पण तो मुख्यतः जर्मनीतल्या चाहत्यांचा आहे. तिथे साधारण नियम असा, की क्लबच्या कारभारातली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत. एनर्जी ड्रिंक बनवणाऱ्या या कंपनीने २००९ मध्ये लाइपझिगच्या शेजारच्या एका छोट्या क्लबची जागा घेऊन स्वतःचा क्लब उभा केला, आणि मोजक्याच लोकांना मताचा अधिकार देऊन त्या नियमाची अक्षरे पाळत त्यातला अर्थ काढून घेतला, असे तिथल्या बहुतेक चाहत्यांचे म्हणणे आहे. क्लॉप हे आधी माइन्झचे आणि नंतर डॉर्टमुंडचे. दोन्ही ठिकाणी सभासदांच्या क्लबचे ते जणू प्रतीक मानले जात होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते रेड बुलच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख होणार असे जाहीर झाले, तेव्हा त्या लोकांना आपल्या विचारालाच तडा गेल्यासारखे वाटले. तुम्ही लिव्हरपूलचे आहात. तुमच्या क्लबला त्यांनी त्यात काही उणे केलेले नाही.

मोठेबाबांच्या प्रश्नात मात्र एक नेमकी गोष्ट आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. लिव्हरपूल शहरात जन्मलेल्या मुलाला क्लब बापाकडून, आजाकडून मिळतो. मॅनेजर कोणीही असो, तो क्लब त्याचाच असतो. दारव्ह्यातला चाहता क्लबकडे बहुधा एखाद्या माणसाला पाहून येतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस मॅनेजर किंवा एखादा खेळाडू असतो. म्हणून तो माणूस गेला, की घराजवळच्या चाहत्याला जो प्रश्न कधी पडत नाही तो दूरच्या चाहत्यापुढे उभा राहतो : आपण त्या माणसाचे होतो की क्लबचे? तुम्ही स्लॉट यांच्या हंगामातले सामने पाहिले असतील, तर उत्तर तुमच्याजवळ आहे. पाहिले नसतील, तर त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. क्लॉप यांचे चाहते असणे हीसुद्धा एक सरळ भूमिका आहे, फक्त तिला क्लबनिष्ठा म्हणता येणार नाही.

प्रश्न : खेळाडूंना ठरावीक काळातच क्लब बदलता येतो, मग मॅनेजर हंगामाच्या मध्येच कसा निघून जातो? त्याला काही नियम नाही काय? (अर्जुनी मोरगाव तालुक्यातून)

उत्तर : खेळाडूंच्या नोंदणीला ठरावीक काळाचे बंधन असते, ते इंग्लंडमध्ये मॅनेजरला लागू नाही. तिथे त्याच्यावर बंधन असते ते केवळ कराराचे. नव्या क्लबला तो हवा असेल, तर जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागते. कित्येक करारांत ही रक्कम आधीच लिहून ठेवलेली असते, आणि ती भरली की जुन्या क्लबला अडवता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रॅहम पॉटर ब्रायटन सोडून चेल्सीला गेले, तेव्हा चेल्सीने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सहायकांसाठी मिळून दोन कोटी पौंडांहून अधिक मोजल्याचे वृत्त होते. सहायकांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मॅनेजर सहसा एकटा जात नाही. सराव घेणारे, गोलरक्षकांना शिकवणारे, सामन्यांचे विश्लेषण करणारे असे चार-पाच जण त्याच्यासोबत उठून जातात, आणि सोमवारी सरावाला आलेल्या खेळाडूंना ओळखीचा माणूस शोधावा लागतो.

प्रश्न : आम्ही अचलपूरजवळच्या गावातले काही मित्र एकत्र सामने पाहतो. एकच गोष्ट करणाऱ्या दोन मॅनेजरांपैकी एकाला चाहते टाळ्या वाजवून निरोप देतात आणि दुसऱ्याला जन्मभर शिव्या घालतात, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. जाणे सारखेच, मग हा भेद का?

उत्तर : कारण जाणे सारखे नसते. चाहत्यांचा राग उतावळा असेल, पण तो सहसा आंधळा नसतो. तो तीन गोष्टी पाहून ठरतो, आणि त्या म्हणजे मॅनेजर केव्हा गेला, कुठे गेला आणि जाण्याआधी काय बोलत होता.

स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचे उदाहरण या बाबतीत सगळ्यांत बोलके आहे. ब्रेंडन रॉजर्स २०१६ मध्ये तिथे आले. लहानपणापासून आपण सेल्टिकचेच चाहते आहोत, हे आपले स्वप्नातले काम आहे, असे ते सांगत, आणि लोकांनी ते मनापासून मानले होते. त्यांनी सलग दोन हंगामांत देशातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या आणि पहिल्या हंगामात तर देशांतर्गत एकही सामना गमावला नाही. तिसऱ्या हंगामात संघ आठ गुणांनी पुढे असताना, फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस, ते इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीला निघून गेले. दुसऱ्याच दिवशी एडिंबरामधल्या सामन्यात सेल्टिकच्या चाहत्यांनी फलक धरला. अमरत्व देऊन सामान्यपणा घेतला, तू कधी आमचा नव्हतासच, अशा आशयाचा. लीग चषक रॉजर्स असतानाच जिंकून झाला होता; उरलेला हंगाम नील लेनन यांनी सांभाळला आणि बाकीच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, म्हणजे नुकसान असे काही झालेच नाही. तरीही राग राहिला. रॉजर्स जूनमध्ये गेले असते, तर मला वाटते, बहुतेकांनी हळहळून सोडून दिले असते. जो माणूस स्वतःला चाहत्यांपैकी एक म्हणवून घेतो, त्याला चाहत्याच्याच मापाने मोजले जाते, आणि कोणताही चाहता फेब्रुवारीत क्लब सोडत नाही.

पॉटर यांच्यावर ब्रायटनमध्ये तितका दीर्घ राग नव्हता, कारण आपण इथलेच आहोत असा आव त्यांनी कधी आणला नव्हता. पण सहा सामन्यांनंतर संघ चौथ्या क्रमांकावर असताना ते गेले, सोबत सगळी माणसे घेऊन गेले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस चेल्सीचा संघ घेऊन ब्रायटनच्या मैदानावर परत आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि ब्रायटनने चेल्सीला ४-१ ने धुऊन काढले. पुढे एप्रिलमध्ये चेल्सीने पॉटर यांना काढले. पॉटर यांच्या जागी आलेल्या रॉबेर्तो दे झेर्बी यांच्या ब्रायटनने सहावा क्रमांक मिळवून इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत प्रवेश केला. त्यानंतर ब्रायटनच्या लोकांना रागवायला फारसे काही उरलेच नाही. मागे राहिलेला क्लब सावरला, की गेलेल्या माणसाला माफी लवकर मिळते. खड्ड्यात गेला, तर प्रत्येक पराभवाचे खापर त्याच्या डोक्यावर फुटत राहते.

याच्या उलट टोकाला आर्सेन वेंगर आहेत. आर्सेनलमध्ये ते १९९६ पासून बावीस वर्षे राहिले, २००३-०४ चा अख्खा लीग हंगाम एकही पराभव न होता जिंकला, मोठमोठ्या क्लबांची बोलावणी असूनही गेले नाहीत. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याच चाहत्यांना ते जावेत असे वाटू लागले. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्धच्या सामन्यावर दोन विमाने घिरट्या घालत होती; एकामागे वेंगर यांना करार देऊ नका असा फलक होता आणि दुसऱ्यामागे आमचा त्यांच्यावर विश्वास आहे असा. २०१८ मध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये क्लबच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. सोडून जाणाऱ्याला लोक नावे ठेवतात हे खरे, पण न जाणाऱ्यालाही ठेवतात, हे तुमच्या मित्रांच्या चर्चेत जरूर यावे.

प्रश्न : मी चिमूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझी बदली झाली, तेव्हा आधीच्या गावच्या लोकांनी शाळेला कुलूप लावून विरोध केला, मुले रडली; पण मला कोणी बोल लावला नाही. माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा चाहता आहे आणि तो मॅनेजरांविषयी जे बोलतो ते ऐकून मला वाटते, की गुरुजींना जो मान मिळतो तो या लोकांना का मिळू नये? शेवटी दोघेही शिकवणारेच.

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातच फरक दडलेला आहे. बदली आदेशाने होते, म्हणून गावकऱ्यांनी कुलूप शाळेला लावले आणि राग प्रशासनावर काढला. फुटबॉलमध्येही जेव्हा वरच्यांनी मॅनेजरला घालवले असे चाहत्यांना दिसते, तेव्हा ते हेच करतात. डर्बी काउंटी या लहान शहराच्या क्लबला ब्रायन क्लफ यांनी १९७२ मध्ये इंग्लंडचे विजेते केले. ऑक्टोबर १९७३ मध्ये संचालकांशी बिनसल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तर चाहत्यांनी मोर्चे काढले, त्यांना परत आणण्यासाठी चळवळ उभी केली, खेळाडूंनी संपाची भाषा केली. राजीनामा क्लफ यांनी स्वतःच दिला होता, तरी दोष गेला तो संचालकांकडे. पुढे त्यांनी शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपियन चषक जिंकून दिले. शेजारी क्लब म्हणजे कट्टर वैरी, तरीसुद्धा डर्बीच्या मैदानाबाहेर २०१० मध्ये क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांचा पुतळा बसवला गेला, आणि दोन्ही शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला क्लफ यांचे नाव आहे.

तुमच्या मुलाला एक गोष्ट अवश्य दाखवावी. चाहते मॅनेजरकडून जी निष्ठा मागतात, ती क्लब मॅनेजरला देत नाहीत. क्लॉडिओ रानिएरी यांनी २०१६ मध्ये लेस्टर सिटीला, ज्यांच्याकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती, इंग्लंडचे विजेते केले. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्यांना नारळ मिळाला. तुमच्या मुलाच्या क्लबने डेव्हिड मॉयेस यांना २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार दिला होता आणि दहा महिन्यांत घरी पाठवले. रानिएरी यांच्यासाठी पुष्कळांना वाईट वाटले, पण लेस्टरच्या मालकांना गद्दार म्हणून कोणी आयुष्यभर हिणवले नाही. हा दुटप्पीपणा आहे, आणि मला तो खटकतो. फक्त तो चाहत्यांच्या मनातून निघेल असे समजू नये, कारण मालकाकडून त्यांनी प्रेमाची अपेक्षा कधी केलेलीच नसते. ती केलेली असते मॅनेजरकडून.

प्रश्न : विदर्भाला रणजी जिंकून देणारे चंद्रकांत पंडित नंतर मध्य प्रदेशाकडे गेले. मग आपण वैदर्भीय त्यांच्यावर का रागावलो नाही? (हिंगणघाट तालुक्यातून)

उत्तर : हा प्रश्न आल्याने बरे वाटले, कारण परदेशी क्लबांची उदाहरणे देता देता घरचे उदाहरण विसरायला होते. २०१७-१८ मध्ये पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो राखला. ज्या संघाला त्याआधी कोणी मोजत नव्हते त्याच्यासाठी हे फार मोठे होते. पंडित पुढे मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले आणि जून २०२२ मध्ये बंगळुरूत मुंबईला हरवून त्यांनी त्या संघालाही पहिला करंडक मिळवून दिला. त्याच मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात पंडित कर्णधार असताना मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला होता, त्यामुळे त्या विजयाचा आनंद नागपुरातही पुष्कळांना झाला.

राग न येण्याची कारणे साधी आहेत. पंडित मुंबईचे, आपण वैदर्भीय आहोत असे त्यांनी कधी भासवले नाही, काम घेतले आणि चोख केले. ते दोन हंगामांच्या मध्ये गेले. शिवाय क्रिकेटमध्ये प्रशिक्षक पडद्यामागे असतो आणि आपल्या डोळ्यांसमोर फजल, वसीम जाफर, उमेश यादव, रजनीश गुरबानी हेच होते. आणि विदर्भाचे काही अडलेही नाही : मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्या उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशालाच ६२ धावांनी हरवले आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा मिळवला. या वर्षांत विदर्भ तळाला गेला असता, तर आपण इतक्या समंजसपणे बोललो असतो की नाही, याविषयी मला शंका आहे.

प्रश्न : प्रतिस्पर्धी क्लबकडे जाणाऱ्याला गद्दार म्हणणे योग्य आहे काय? (पुसद तालुक्यातून)

उत्तर : म्हणणाऱ्याला थांबवता येणार नाही, पण त्या शब्दाखाली फार निरनिराळी माणसे कोंबली जातात. कोलकात्यातल्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांचे पाहा. प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या ईस्ट बंगालने १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० ने हरवले. तो घाव बागानचे लोक आजही विसरलेले नाहीत. पुढच्याच वर्षी बॅनर्जी मोहन बागानचे प्रशिक्षक झाले, आणि १९७७ मध्ये पेले यांचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ ईडन गार्डन्सवर आला तेव्हा त्याला २-२ असे रोखणारा बागानचा संघ त्यांचाच होता. आज त्यांचे नाव दोन्ही बाजूंना आदराने घेतले जाते. दोन्ही घरी त्यांनी जिंकून दाखवले, हे त्याचे मोठे कारण असावे.

जोझे मोरिन्हो यांचे तसे झाले नाही. चेल्सीला तीन वेळा लीग जिंकून दिल्यावर आणि तिथून दोनदा काढले गेल्यावर ते २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेले. मार्च २०१७ मध्ये ते त्या संघासह चेल्सीच्या मैदानावर आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना येशूला धरून देणाऱ्या जुडासच्या नावाने हाका मारल्या. त्यांनी तीन बोटे वर करून आपली तीन विजेतेपदे दाखवली. इथे माझी सहानुभूती मोरिन्होंकडे आहे. ज्याला तुम्ही स्वतः घालवले, त्याने पोटासाठी कुठे जावे हे सांगण्याचा हक्क तुम्ही तेव्हाच गमावलेला असतो.

भारतात असाच प्रकार प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्याबाबत घडला. एफसी गोवा गुणतक्त्यात अव्वल असताना जानेवारी २०२० च्या अखेरीस क्लबने त्यांना काढले. त्याच वर्षी ते मुंबई सिटीकडे आले आणि त्यांच्यामागून मंदार राव देसाई, अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल असे गोव्याचे बिनीचे खेळाडूही आले. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे सर्व सामने गोव्यातच प्रेक्षकांविना झाले आणि इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीत अव्वल राहून लीग शील्ड आधीच मिळवलेल्या मुंबईने उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टींवर हरवून पुढे चषकही जिंकला. गोवेकरांना ते झोंबले. पण त्या रागाचा पत्ता लोबेरा यांचा नव्हता, ज्यांनी त्यांना काढले त्यांचा होता. मुंबई सिटीच्या पुढच्या प्रशिक्षकाची, डेस बकिंगहॅम यांची, गोष्ट याहून सौम्य आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते हंगाम अर्ध्यावर सोडून इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरातल्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, पण ऑक्सफर्ड हे त्यांचे जन्मगाव. जन्मगावचा क्लब बोलावतो आहे म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस फार वेळ रागावून राहू शकत नाही, आणि पेत्र क्रात्की यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने मे २०२४ मध्ये आयएसएल चषक जिंकल्यावर तर विषयच संपला.

प्रश्न : मॅनेजरने जाण्याचे आधी सांगावे की शेवटी? (काटोल तालुक्यातून)

उत्तर : चाहत्यांना आधी कळावेसे वाटते, संघाच्या दृष्टीने ते नेहमी हिताचे नसते. मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २००१-०२ हा आपला शेवटचा हंगाम असे आधीच सांगून ठेवले होते. संघाची पकड सुटली, फेब्रुवारीत त्यांनी निर्णय फिरवला, पण त्या हंगामात हाती एकही चषक लागला नाही आणि आर्सेनलने विजेतेपद नेमके युनायटेडच्याच मैदानावर निश्चित केले. अकरा वर्षांनी, मे २०१३ मध्ये, लीग खिशात टाकल्यावरच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. क्लॉप यांनी जानेवारीत सांगितले तेव्हा लिव्हरपूल चार स्पर्धांत होते. लीग चषक मिळाला, बाकी तीन निसटल्या. केवळ घोषणेमुळे निसटल्या असे म्हणता येणार नाही, कारण दुखापतीही पुष्कळ होत्या. तरी चाहत्याला रीतसर निरोप देता यावा, यासाठी मी एखादा चषक पणाला लावायला तयार आहे. खेळाडू माझ्याशी सहमत होणार नाहीत.

प्रश्न : सोडून गेलेला मॅनेजर परत आला, तर त्याला स्वीकारावे काय? (मंगरुळपीर तालुक्यातून)

उत्तर : स्वीकारतात, जिंकला तर. हॅरी रेडनॅप २००४ च्या अखेरीस पोर्ट्समथ सोडून शेजारच्या साउदॅम्प्टनला गेले, जो त्या शहराचा सर्वांत जुना वैरी. साउदॅम्प्टन पुढच्या मे महिन्यात सत्तावीस वर्षांनी वरच्या स्तरातून घसरले आणि डिसेंबर २००५ मध्ये रेडनॅप पोर्ट्समथला परत आले. म्हणजे दोन्ही शहरांच्या शिव्या त्यांनी वर्षभरात खाल्ल्या. २००८ मध्ये त्यांनी पोर्ट्समथला एफए चषक जिंकून दिला आणि सगळे विसरले गेले. पण त्याच ऑक्टोबरमध्ये ते टॉटनहॅमला गेले, आणि काही दिवसांतच नगरपालिकेचा सन्मान घ्यायला पोर्ट्समथमध्ये आले, तर जमावातल्या काहींनी त्यांची हुर्यो उडवली. सन्मान मात्र त्यांनी घेतला.

वर ज्यांचा उल्लेख आला ते रॉजर्सही जून २०२३ मध्ये सेल्टिकला परतले. सुरुवातीला कुरबुर झाली, मग पहिल्याच हंगामात लीग आणि चषक दोन्ही जिंकल्यावर फलक दिसेनासे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा हंगामाच्या मध्येच राजीनामा दिला, आणि क्लबच्या सर्वांत मोठ्या भागधारकाने त्यांच्यावर टीका करणारे लांबलचक निवेदन काढले. या वेळी चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले; पुष्कळांनी या खेपेला रॉजर्स यांच्याऐवजी संचालक मंडळाकडे बोट दाखवले.